पडद्याचे चित्र



तुमच्या उर्दूच्या पुस्तकातील अक्षरे आणि कुरआन शरीफच्या छापील प्रतींतील अक्षरे यांच्या वळणांत फरक असतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. उर्दू पुस्तकातील वळण नस्तालीक, तर दुसरे बहुधा नस्ख. दोन्हीकडे 'बे' हे अक्षर 'बे'च असते; बदलते ते फक्त त्याचे रूप. मराठीतही असेच आहे. मराठी पुस्तकात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श छापण्याची रीत आहे. हिंदी पुस्तकात हीच दोन अक्षरे निराळ्या वळणाची दिसतात. वाचणाऱ्याला मात्र दोन्हीकडे ल आणि शच कळतात.

संगणकाला यातले किती कळते? संगणकाला अक्षराचे रूप कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोड नावाच्या जगमान्य यादीत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. त्या यादीत ल चा क्रमांक ०९३२ आणि श चा ०९३६ आहे. वळण मराठी असो की हिंदी, क्रमांक तोच. नस्ख आणि नस्तालीक यांनाही वेगळे क्रमांक नाहीत. तुम्ही एखादा मजकूर दुसऱ्याला पाठवता, तेव्हा तारेतून किंवा हवेतून फक्त हे क्रमांक जातात. पलीकडच्या संगणकावर जो फॉन्ट असेल, म्हणजे अक्षरांच्या वळणांचा जो संच असेल, त्याप्रमाणे तिथे अक्षरे उमटतात. तुमच्या पडद्यावर काय दिसत होते, हे त्या क्रमांकांत कुठेच लिहिलेले नसते.

यामुळे मोठी गंमत होते, आणि कधी कधी मोठी अडचणही. समजा, तुमच्यापैकी एकाचे नाव अब्दुर्रहमान आहे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना त्याने ते अगदी बरोबर टाइप केले. पडद्यावर मात्र र वरचा रफार सुटून बाजूला पडला आणि नाव दोन तुकड्यांत दिसू लागले. त्याने फोन करून सांगितले, "माझे नाव तुटले आहे." पलीकडच्या माणसाने आपल्या संगणकावर तोच अर्ज उघडला आणि म्हटले, "छे, बरोबर तर आहे!" आता खरे कोण बोलत आहे? दोघेही. दोघांकडे क्रमांक तेच आहेत, फॉन्ट मात्र वेगळे आहेत. शब्दांनी हा वाद मिटणार नाही. तुटलेले नाव टाइप करून पाठवले, तरी ते पलीकडे जोडलेलेच दिसेल! अशा वेळी पडद्यावर जे दिसते आहे त्याचे जसेच्या तसे चित्र पाठवणे, एवढा एकच उपाय उरतो. या चित्राला सगळे स्क्रीनशॉट म्हणतात. मराठीत आपण त्याला पडद्याचे चित्र म्हणू.

दाखल्यावर चुकलेले नाव दुरुस्त करून घेणे किती त्रासाचे असते, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. अर्ज, शपथपत्र, खेपा. शाळेकडून कार्यालयात आणि कार्यालयातून पुन्हा शाळेत. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज पुण्यात बरीच वर्षे ऑनलाइन भरले जात होते; २०२५ पासून सगळ्या राज्यात तीच पद्धत आली. अर्ज भरताना आपण काय लिहिले आणि पडद्यावर काय दिसले, याची नोंद स्वतःजवळ असावी, असे मला फार वाटते. आपल्या मुलांमुलींच्या नावांत रफार, जोडाक्षरे आणि नुक्ते पुष्कळ असतात, म्हणून तर जास्तच.

ही अडचण दूर करण्याचे पुष्कळ काम आपल्याच पुण्यात झालेले आहे. १९८८ मध्ये पुण्यात 'सीडॅक' ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली. 'परम' या महासंगणकामुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक झाले. पण भारतीय लिप्या संगणकावर आणणारे 'जिस्ट' नावाचे तंत्रही तिथेच वाढले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ते काम पुढे पुण्यात आले. नंतर 'रेड हॅट' या कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट सर्वांसाठी मोफत आणि खुले केले. लोहित म्हणजे लाल. या फॉन्टची देखभाल आणि दुरुस्ती करणाऱ्यांत कंपनीच्या पुण्यातील कार्यालयाचा मोठा वाटा होता. फॉन्ट दुरुस्त करणाऱ्याला अमुक जोडाक्षर तुटते एवढे सांगून भागत नाही. कसे तुटते, मात्रा कुठे सरकते, नुक्ता कुणावर चढतो, हे त्याला डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून अशा तक्रारीबरोबर पडद्याचे चित्र जोडतात.

आता हे चित्र काढायचे कसे ते पाहू. कळफलकावर वरच्या बाजूला 'प्रिंट स्क्रीन' नावाची कळ असते. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर या कळीचे काम नावाप्रमाणेच होते. ती दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट छपाईयंत्रावर छापला जाई. पुढे विंडोजमध्ये तीच कळ पडद्याचे चित्र संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात ठेवू लागली. मग चित्रकामाचा प्रोग्राम उघडा, तिथे ते चिकटवा, नाव द्या, जतन करा, आणि शेवटी ज्या लेखात हवे त्यात आणून बसवा. एक चित्र असेल तर ठीक. वीस चित्रे घ्यायची असली की माणूस कंटाळतो, नावे कशीही देतो, आणि आठवड्याने कोणते चित्र कशाचे हे त्यालाच सांगता येत नाही.

म्हणून काही लोक निराळी युक्ती करतात. ज्या प्रोग्राममध्ये ते लिहीत असतात, त्यालाच चित्र काढायला शिकवतात. शिकवतात हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

मजकूर लिहिण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या प्रोग्रामला एडिटर म्हणतात. 'ईमॅक्स' हा असाच एक जुना आणि अजूनही जोमात असलेला एडिटर आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्या साथीने पहिला ईमॅक्स बनवला. आज जो वापरात आहे तो 'जीएनयू ईमॅक्स' १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मोफत मिळतो, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तो मुक्त आहे. त्याच्या आतील रचना कोणीही वाचावी, बदलावी आणि बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगीच त्याच्याबरोबर येते. पुण्यातही लिनक्स आणि असे मुक्त प्रोग्राम वापरणाऱ्यांनी आपला गट काढला आणि अनेक वर्षे चालवला.

ईमॅक्सला काही शिकवायचे तर त्याची भाषा आली पाहिजे. तिचे नाव 'लिस्प'. तिचे व्याकरण मराठी आणि उर्दू यांच्या अगदी उलटे आहे. आपण म्हणतो, "मी पत्र लिहिले." क्रियापद शेवटी. लिस्पमध्ये क्रियापद सर्वांत आधी येते, आणि पूर्ण वाक्य कंसात लिहितात. दोन आणि तीन यांची बेरीज हवी असेल तर कंस उघडायचा, आधी अधिकचे चिन्ह लिहायचे, मग २, मग ३, आणि कंस बंद करायचा. एका कंसात दुसरा कंस, त्यात तिसरा, असेही चालते. जितके कंस उघडले तितके बंद झाले पाहिजेत. एवढे व्याकरण समजले की अर्धी लिस्प आली म्हणायची.

चित्र काढण्याचा हुकूम असा रचतात. मी पायऱ्या सांगते. इंग्रजी नावांचे येथे उच्चार दिले आहेत; संगणकावर ती इंग्रजी लिपीतच टाइप करायची.

पहिले काम, हुकमाला नाव देणे. नवा हुकूम 'डीफन' या शब्दाने सुरू होतो. नाव कोणत्याही लिपीत चालते, हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. 'पडदा-चित्र' असे देवनागरीतले नाव ईमॅक्स बिनतक्रार स्वीकारतो. उर्दू लिपीत 'तस्वीर' लिहिले तरी तो स्वीकारतो. मात्र उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि लिस्प डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आल्या की कंस पडद्यावर भलत्याच जागी दिसतात आणि डोळे फिरतात. तेव्हा शिकताना देवनागरी नाव बरे. (ईमॅक्सला उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या नीट दाखवता येऊ लागल्या त्या २०१२ मध्ये, चोविसाव्या आवृत्तीपासून.)

नावाखाली 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द कंसात लिहितात. याचा अर्थ, हा हुकूम माणूस कळफलकावरून देऊ शकतो. तो शब्द राहून गेला तर हुकूम तयार होतो खरा, पण तुम्ही हाक मारली तरी ओ देत नाही.

यानंतर चित्राच्या फाइलचे नाव ठरवायचे. ते हाताने देऊ नका. ईमॅक्सलाच देऊ द्या. 'फॉरमॅट-टाइम-स्ट्रिंग' नावाचा तयार हुकूम त्या क्षणाची तारीख आणि वेळ लिहून देतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास, मिनिट आणि सेकंद, असा क्रम ठेवा. एक वर्गात म्हणाली, "टीचर, आपण तर दिवस आधी लिहितो ना?" लिहितो. पण संगणक फाइली नावांप्रमाणे लावतो, आणि वर्ष आधी असले तर नावांचा क्रम हाच तारखांचा क्रम होतो. दिवस आधी लिहिला तर १ जानेवारी, १ फेब्रुवारी आणि १ मार्च शेजारी शेजारी जाऊन बसतील.

तारीख घालण्याची ही शिस्त संगणकाने आणलेली नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात 'पेशवे दफ्तर' आहे. दफ्तर हा तुमचाच शब्द. तिथे मोडी लिपीतील कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध केले. त्या काळच्या पुष्कळ मराठी पत्रांवर तारीख कशी लिहिलेली असते, ते तुम्ही वाचले तर चकित व्हाल. आधी 'छ' हे अक्षर, म्हणजे चंद्र. मग चंद्राच्या तारखेचा आकडा. मग रबिलाखर किंवा मोहरम असा महिना. वर्ष असते सुहूर सनाचे, आणि ते आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत: खमस म्हणजे पाच, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मराठी कारकून ही अरबी नावे रोज लिहीत. तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरवायला इतिहासकारांना किती डोके खाजवावे लागते, हे त्यांनाच ठाऊक! तारीख नसलेल्या चित्राचीही तीच गत होते.

आता मुख्य काम. ईमॅक्सला स्वतःला सगळ्या पडद्याचे चित्र काढता येत नाही. 'केरो' नावाच्या चित्रसाधनासह बांधलेला ईमॅक्स स्वतःच्या खिडकीचे चित्र काढून देतो. पण शेजारच्या खिडकीत काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून तो हे काम दुसऱ्याला सांगतो. लिनक्सवर 'इमेजमॅजिक' या संचात 'इम्पोर्ट' नावाचा छोटा प्रोग्राम असतो. 'कॉल-प्रोसेस' या हुकमाने ईमॅक्स त्याला बोलावतो आणि दोन गोष्टी सांगतो: कोणती खिडकी आणि कोणती फाइल. खिडकीच्या जागी 'रूट' म्हटले की सगळा पडदा आला, कारण लिनक्सवरील जुन्या 'एक्स' पद्धतीत बाकीच्या सगळ्या खिडक्या ज्या एका मोठ्या खिडकीच्या पोटात असतात, तिचे नाव रूट, म्हणजे मूळ.

येथे एक इशारा. आजकाल बऱ्याच लिनक्स संगणकांवर एक्सच्या जागी 'वेलँड' ही नवी पद्धत असते. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या खिडकीत परवानगीशिवाय डोकावू नये, असा तिचा कडक नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे तिथे इम्पोर्टचा उपयोग होत नाही; त्या पद्धतीला चालणारे दुसरे साधन बोलवावे लागते. मॅकवर त्या साधनाचे नाव 'स्क्रीनकॅप्चर'. बाकी हुकूम तसाच राहतो. बदलतो तो फक्त बोलावलेल्या कारागिराचा पत्ता.

चित्र फाइलीत गेले. आता शेवटची पायरी, आणि मला विचाराल तर सर्वांत मोलाची. ज्या ठिकाणी तुम्ही लिहीत होता, नेमके तिथेच त्या फाइलचे नाव ईमॅक्सने स्वतः लिहावे. त्यासाठी 'इन्सर्ट' हा हुकूम आहे. ईमॅक्समध्ये टिपणे ठेवण्याची 'ऑर्ग' नावाची सोय आहे. ती कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केली. तिथे दुहेरी चौकटी कंसात फाइलचे नाव लिहिले की ते दुवा बनते, आणि एका आज्ञेने चित्र मजकुराच्या मधोमध उघडते. म्हणजे तुम्ही लिहिले, "आज अर्जात नाव तुटलेले दिसले," आणि त्याच्याच खाली पुरावा आला. लिहिणे थांबले नाही, हात कळफलकावरून उठला नाही.

हुकूम एखाद्या कळीला बांधून टाकावा. एफ ५ पासून एफ ९ पर्यंतच्या कळी ईमॅक्सच्या रिवाजाप्रमाणे वापरणाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्यांना हात लावायचा नाही. सौजन्याचा हा नियम मला फार आवडतो. कळ बांधण्याचा आणखी एक फायदा आहे. हुकमाचे नाव टाइप करून चित्र काढले तर ते नाव पडद्याच्या तळाशी दिसते आणि कधी कधी चित्रातही येते.

ईमॅक्सची स्वतःची खिडकीच वर पसरलेली असेल तर तिच्यामागचा अर्ज चित्रात कसा येणार? त्यासाठी थोडा उशीर लावतात. 'रन-ॲट-टाइम' हा हुकूम पाच सेकंदांनी काम करायला सांगतो. तेवढ्यात तुम्ही हवी ती खिडकी पुढे आणायची.

चित्र कोणत्या प्रकारात ठेवावे? पीएनजी प्रकारात. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर दहा लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर चित्र तीस लाख बाइटांच्या वर जाते. ते आवळून लहान करावे लागते. पीएनजी ठिपका न ठिपका जपून आवळतो. छायाचित्रांसाठी असलेला जेपीईजी डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देतो. झाडाच्या किंवा चेहऱ्याच्या चित्रात ते चालते. अक्षरांच्या कडांभोवती मात्र धूसर डाग पडतात. उर्दूत खुदा आणि जुदा यांत फरक केवढा? एक नुक्ता वर की पोटात. मराठीत पत आणि पंत यांत एका अनुस्वाराचा. जिथे सगळा वाद ठिपक्यांचा आहे, तिथे ठिपके खाणारा प्रकार वापरू नये.

मित्रांनो, आता थोडे कडक बोलते. सगळ्या पडद्याचे चित्र काढणे सोपे झाले की माणूस बेफिकीर होतो. पडद्याच्या कोपऱ्यात कुणाचा निरोप उघडा असतो, अब्बांच्या फोनचा क्रमांक असतो, आधारचा क्रमांक असतो, बँकेचा संकेतांक नुकताच आलेला असतो. चित्र काढताना आपले लक्ष मधल्या अर्जाकडे असते. पाहणाऱ्याचे लक्ष कोपऱ्याकडे जाते. चित्र पाठवण्याआधी चारही कोपरे पाहा. जे दाखवायचे नाही ते कापून टाका, किंवा त्यावर काळा पट्टा ओढून चित्र नव्याने जतन करा. नुसते धूसर केलेले आकडे काही वेळा ओळखता येतात. आणि दुसऱ्याने विश्वासाने लिहिलेल्या निरोपाचे चित्र त्याला न विचारता गटात टाकणे ही चहाडीच आहे, तिचे नाव काहीही असो.

चित्र म्हणजे पक्का पुरावा, असेही समजू नका. चित्रातील अक्षरे बदलता येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही संगणकावरील नोंद न्यायालयात द्यायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र मागितले आहे. म्हणून अर्जाची पावती आणि अर्जक्रमांकही जपून ठेवा. चित्राचे काम समजावणे हे आहे. पावतीचे काम ते करत नाही.

आणखी एक माणूस असा आहे की त्याच्यापुढे आपले हे सगळे चित्र मुके ठरते. त्यांचे नाव टी. व्ही. रामन. ते पुण्यात वाढले. जन्मापासूनच त्यांची दृष्टी काचबिंदूने अधू होती आणि चौदाव्या वर्षी ती पूर्ण गेली. ते ब्रेल शिकले. ब्रेल खुणांचा रुबिक क्यूबही ते सोडवत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजातून त्यांनी गणिताची पदवी घेतली. होय, बंडगार्डन रस्त्यावरून जाताना तुम्हाला दिसते तेच वाडिया कॉलेज. पुढे आयआयटी मुंबईत विद्यार्थी स्वयंसेवक त्यांना पुस्तके वाचून दाखवत. १९९४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. मिळवली, गणिताची सूत्रे आवाजातून नीट कशी ऐकवावीत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

१९९५ मध्ये रामन यांनी 'ईमॅक्सस्पीक' तयार केला. म्हणजे याच ईमॅक्सला त्यांनी बोलायला शिकवले. अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम त्याआधीही होते. पण ते पडद्यावर जे उमटले आहे तेवढेच वाचत, जणू एखादे चित्र वाचावे तसे. दिनदर्शिका उघडली तर ते नुसते आकडे वाचत जात: सात, आठ, नऊ. कोणत्या महिन्यातील, कोणत्या वारचे, हे डोळस माणसाला वरची ओळ पाहून कळते. ऐकणाऱ्याला कसे कळणार? रामन यांनी पडद्याकडे पाहिलेच नाही. ते ईमॅक्सच्या आत शिरले. लिस्पमध्ये एखाद्या तयार हुकमाला आपली जोड देण्याची सोय आहे. तिला 'ॲडव्हाइस', म्हणजे सल्ला, म्हणतात. ईमॅक्सचे मूळ हुकूम न बदलता रामन यांनी त्यांना असा सल्ला दिला की काम झाले की त्याचा अर्थ मोठ्याने सांगा. त्यामुळे दिनदर्शिकेत एक पाऊल पुढे टाकले की वार, तारीख, महिना आणि वर्ष, सगळे ऐकू येते.

आपण ईमॅक्सला चित्र काढायला शिकवले, ते त्याच लिस्पने. रामन यांनी त्याला बोलायला शिकवले, तेही तिनेच. पण आपल्या टिपणात नुसते चित्र आले तर ईमॅक्सस्पीक फाइलचे नाव वाचेल आणि थांबेल. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. अब्दुर्रहमानचे नाव कसे तुटले, हे त्या आकड्यांत कुठे आहे? शोधणाऱ्या डोळस माणसालाही चित्रातील शब्द शोधून सापडत नाहीत.

तेव्हा हुकमात आणखी एक कंस वाढवा. चित्राचा दुवा लिहून झाला की ईमॅक्सने तुम्हाला विचारावे, "चित्रात काय दिसते?" त्यासाठी 'रीड-स्ट्रिंग' हा हुकूम आहे. तुम्ही एक ओळ लिहायची: "र वरचा रफार सुटून उजवीकडे पडला आहे, बाकी नाव बरोबर." ती ओळ चित्राखाली जाऊन बसेल. हीच ओळ मराठीत लिहिताना रफार, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे शब्द तुम्हाला नेमके वापरावे लागतील, आणि उर्दूत लिहिताना ज़ेर, ज़बर, पेश आणि नुक्ता.

स्वाध्याय

१. "दोघेही खरे बोलत आहेत," असे लेखिकेने कोणत्या प्रसंगी म्हटले आहे? त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. फाइलच्या नावात वर्ष आधी का लिहावे? १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १५ जानेवारी आणि २ मार्च या तारखांची नावे दोन्ही पद्धतींनी लिहून क्रम लावून पाहा.

३. दफ्तर, नक्कल, हुकूम, मजकूर, रिवाज हे मराठी शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात? जिथे अर्थ बदलला आहे तिथे दोन्ही भाषांत एक एक वाक्य लिहा.

४. तुमच्या पाठ्यपुस्तकातील कोणतेही एक चित्र निवडा. ते न पाहणाऱ्याला कळेल असे त्याचे वर्णन तीन वाक्यांत लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून ऐकावे व नंतर पाटीवर ते चित्र काढावे.